कार्यक्रमात चॅनल बदलावे की पेडल दाबावे? दोन चॅनलचा ॲम्प, पाच पेडल्स आणि एकच मोकळा पाय

सहावी तार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी गेली ९ वर्षे पुण्यातल्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवतो आहे. नोकरी सांभाळून वाजवत असल्यामुळे महिन्याला दोन, फार तर तीन सुपाऱ्या होतात. एका कार्यक्रमात २५ च्या आसपास गाणी असतात आणि जुन्या गाण्यांतल्या सुट्या सुरांच्या नाजूक साथीपासून हल्लीच्या गाण्यांतल्या घणघणीत डिस्टॉर्शनपर्यंत, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजापर्यंत, सगळे काही एकाच संध्याकाळी एकाच गिटारीतून काढावे लागते. निवेदक दोन गाण्यांच्या मध्ये बोलतो तेव्हा हवी तेवढी बटणे बदलता येतात, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. खरी अडचण एकाच गाण्याच्या पोटात असते.

माझा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, ४० वॉटचा, ट्यूबवर चालणारा आणि दोन चॅनलचा आहे. एक चॅनल क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाजाचे, दुसरे ड्राइव्ह, म्हणजे डिस्टॉर्शनचे, आणि ती बदलायला एक फुटस्विच, म्हणजे पायाने दाबायचे बटण. त्याच्यासमोर ट्यूनर, कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सपाट करणारा), ओव्हरड्राइव्ह (हलके डिस्टॉर्शन देणारा), कोरस (आवाज दाट आणि लहरता करणारा) आणि डिले (पडसाद देणारा) अशी पाच पेडल्स, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या डब्या, एका ओळीत जोडलेली असून सगळ्यांचा शेवट ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये होतो. ॲम्पला मागे इफेक्ट्स लूप आहे, पण त्याला मी आजवर हात लावलेला नाही.

मागच्या महिन्यात एका मोकळ्या मैदानावर कार्यक्रम होता. एका गाण्यात अंतरा संपताना क्लीन चॅनलवर कोरस आणि डिले लावून वाजवायचे होते, आणि लगेच पुढच्या समेवर गिटारचा सोलो होता. म्हणजे दोन मात्रांत कोरस बंद करायचा, चॅनल बदलायचे आणि डिलेचा वेळ कमी करायचा. चॅनल बदलले, कोरस राहून गेला, आणि सोलो पाण्याखालून वाजवल्यासारखा सुरू झाला. त्याहून वाईट म्हणजे अंतऱ्याच्या शेवटच्या सुरांचे डिलेमधले पडसाद विरत होते, ते मी चॅनल बदलताच एकदम खवळून उठले. तालमीत हे कधीच एवढे जाणवले नव्हते. गायिकेने मागे वळून पाहिले आणि ढोलकीवाल्यांनी मान खाली घातली, ती हसू लपवण्यासाठी होती हे मला इथून सांगता येते.

तेव्हा मूळ प्रश्न असा की, सगळे काम क्लीन चॅनलवरच ठेवून डिस्टॉर्शन पेडलमधून घ्यावे, की ॲम्पच्या चॅनलचा उपयोग करावा? डिलेची जागा कोणती? आणि सोलोचा आवाज थोडा वर यावा यासाठी आपण सगळे काय करता?

मिरजकर

खवळून उठलेल्या पडसादांचे कारण तुमच्या जोडणीतच आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. ॲम्पमध्ये आधी आवाजाचा पोत घडवणारा प्रीॲम्प असतो आणि नंतर तो आवाज स्पीकरसाठी मोठा करणारा पॉवर ॲम्प. चॅनल बदलता तेव्हा बदल फक्त प्रीॲम्पमध्ये होतो. तुमचा डिले प्रीॲम्पच्या आधी आहे, त्यामुळे डिलेतून बाहेर पडणारे जुने, स्वच्छ सूर हे त्या क्षणापासून ड्राइव्ह चॅनलमध्ये शिरू लागतात आणि तिथे त्यांचेही डिस्टॉर्शन होते. ड्राइव्ह चॅनल लहान सिग्नलही ओढून मोठा करते, म्हणून विरत चाललेला पडसाद विरण्याऐवजी वर येतो. आमच्या गावात सतारीच्या घोडीची जवारी करणारे कारागीर आहेत. तार तीच राहते, पण घोडीचा पृष्ठभाग जरा घासला की स्वराभोवती उपस्वरांचा झुबका उभा राहतो. ड्राइव्ह चॅनल ही तशीच एक जवारी समजा. तिच्या आधी जे असेल त्याला ती लागणार, नंतर जे असेल त्याला नाही.

इफेक्ट्स लूप नेमके या दोहोंच्या मध्ये बसते. सेंडमधून प्रीॲम्पचा आवाज बाहेर येतो, रिटर्नमधून तो पॉवर ॲम्पकडे परत जातो. डिले तिथे ठेवला की त्याच्यात आधीच तयार झालेला आवाज साठतो. मग तुम्ही क्लीनवरून ड्राइव्हवर गेलात तरी क्लीनचे पडसाद क्लीनच राहतात आणि नव्या सोलोच्या खाली शांतपणे विरतात. हा फायदा पुष्कळ जण लक्षात घेत नाहीत, कारण डिले लूपमध्ये का ठेवावा याचे उत्तर सहसा 'पडसाद स्पष्ट येतात' एवढ्यावरच थांबते.

यासाठी चार लांब केबल लागतात. गिटारपासून पेडल्सच्या बोर्डापर्यंत एक, बोर्डावरच्या पुढच्या पेडल्सपासून ॲम्पच्या इनपुटपर्यंत दुसरी, सेंडपासून डिलेपर्यंत तिसरी आणि डिलेपासून रिटर्नपर्यंत चौथी. कॉम्प्रेसर आणि ओव्हरड्राइव्ह पुढेच राहू द्या. जोडण्यापूर्वी मात्र आपल्या ॲम्पचे लूप कोणत्या पातळीवर चालते ते माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. काही लूप १.२३ व्होल्टच्या आसपासच्या व्यावसायिक पातळीवर चालतात आणि ९ व्होल्टवरचे साधे पेडल तिथे तडतडू शकते. पातळी निवडायचा स्विच असेल तर तो खालच्या पातळीवर ठेवा. शिवाय लूप समांतर प्रकारचे असेल, म्हणजे मूळ आवाज आतून तसाच पुढे जात असेल, तर डिलेमधून फक्त पडसाद बाहेर यायला हवेत, अन्यथा मूळ आवाज दोन वाटांनी येऊन एकमेकांत मिसळतो आणि कधीकधी पोकळ वाटतो.

साधासुधा

मिरजकरांचे तांत्रिक विवेचन मान्य आहे, पण माझा सल्ला अगदी उलट आहे. चॅनलच्या भानगडीत पडूच नका.

मी महिन्यातले निम्मे कार्यक्रम भाड्याच्या सामानावर वाजवतो. संयोजक फोनवर सांगतात की 'चांगला ॲम्प आहे', आणि तिथे गेल्यावर काय उभे असेल याचा भरवसा नसतो. अनेकदा रोलंडचा जेसी-१२० असतो. हा १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टरवर चालणारा ॲम्प, ६० वॉटचे दोन पॉवर ॲम्प आणि त्याचा तो नामांकित कोरस. त्याला चॅनल दोन आहेत, पण ती पायाने बदलायची नसतात. कोणत्या इनपुटमध्ये केबल खुपसायची एवढीच निवड असते. त्यातले डिस्टॉर्शन आवडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. अशा ॲम्पवर तुमचा सगळा आवाज पायाखालच्या बोर्डातूनच यावा लागतो.

जिथे दोन चॅनलचा ॲम्प मिळाला तिथला माझा अनुभवही सांगतो. नाशिकजवळच्या एका कार्यक्रमात ॲम्प उत्तम होता, पण फुटस्विच पुरवठादाराकडून हरवलेला होता. ॲम्पवरचे बटण हाताने दाबायचे, म्हणजे गाणे चालू असताना पाठ प्रेक्षकांकडे. त्या दिवसापासून मी क्लीन चॅनल हे कोरे पान मानतो. त्यावर दोन ड्राइव्ह पेडल्स, एक हलके आणि एक जड, आणि शेवटी पातळी वाढवणारे एक बूस्ट. ॲम्प कोणताही असो, अर्ध्या तासात माझा आवाज माझ्यासारखा होतो.

नळकांडे

साधासुधा, तुमचे म्हणणे भाड्याच्या ॲम्पबाबत योग्य आहे, पण धागाकर्त्याने स्वतःचा ट्यूब ॲम्प विकत घेतला आहे आणि तो टेम्पोतून घेऊनही जातो. एवढे वजन उचलून त्यातले निम्मे यंत्र वापरायचेच नाही, हे मला पटत नाही.

'चॅनल' या शब्दाचा इतिहास इथे थोडा कामाचा आहे. सुरुवातीच्या ॲम्पना दोन चॅनल असत ती दोन वाद्यांसाठी, किंवा एक वाद्य आणि एक माइक यांच्यासाठी. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बला नॉर्मल आणि व्हायब्रॅटो अशी दोन चॅनल आहेत, पण त्याचा फुटस्विच चॅनल बदलत नाही, तो रिव्हर्ब आणि व्हायब्रॅटो चालू-बंद करतो. एकाच गिटारवाल्याने पायाने ताल आणि सोलो यांचे आवाज बदलावेत, ही कल्पना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मेसा बूगी कंपनीच्या 'मार्क टू' या ॲम्पपासून रुळली, आणि मग ऐंशीच्या दशकात मार्शलसारख्यांनीही पायाने बदलणारी दोन चॅनल दिली. म्हणजे हे ज्या अडचणीसाठी केले गेले ती अडचण नेमकी तुमचीच होती: एका क्षणात, एका दाबात, गेन (डिस्टॉर्शनची मात्रा), टोन आणि आवाजाची पातळी हे सगळे एकदम बदलणे. तेवढे काम पेडल्सकडून करून घ्यायचे तर तीन दाब लागतात.

आता फुटस्विचविषयी. बऱ्याच ॲम्पमध्ये हा फुटस्विच म्हणजे अक्षरशः एक साधा स्विच असतो. पाव इंची जॅकचे टोक आणि त्याची बाही यांना तो एकमेकांशी जोडतो किंवा तोडतो, आणि आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, त्याप्रमाणे चॅनल निवडतो. एकदा दाबला की तसाच राहणारा स्विच त्याला लागतो, बोट उचलताच सुटणारा नव्हे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक मोनो जॅक, लोखंडी डबी आणि पायाने दाबायचा स्विच आणून मी असा जादा फुटस्विच करून ठेवलेला आहे आणि तो गिटारच्या पिशवीत कायम असतो. एकाच जॅकवर दोन कामे असतील तर स्टिरिओ जॅक लागतो. मात्र हे सर्व ॲम्पना लागू नाही. काहींच्या फुटस्विचमधल्या दिव्यांसाठी त्याच तारेतून व्होल्टेज येते, काहींना अनेक पिनांचा जोड असतो. आराखडा पाहिल्याशिवाय कोणत्याही सॉकेटमध्ये काहीही जोडू नये.

फेडरवाला

मी मंचाच्या समोर, मिक्सरवर बसणारा माणूस आहे, त्यामुळे सोलोच्या आवाजाबद्दलच बोलतो.

गिटारवाले घरी चॅनलची पातळी लावून येतात आणि तिथेच चुकते. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेले वक्र हेच सांगतात. म्हणून घरी माणूस बेस आणि ट्रेबल वाढवतो, मधले सूर काढून टाकतो, आणि तो आवाज खोलीत भरदार वाटतो. मंचावर आवाज वाढला की बेस गिटार आणि ढोलाच्या खाली तुमचा बेस दिसत नाही, झांजांच्या वर ट्रेबल टोचतो, आणि जिथे गिटार राहते त्या मधल्या जागेत काहीच उरत नाही. मग ड्राइव्ह चॅनल 'जोरात असूनही ऐकू येत नाही' अशी तक्रार येते.

दुसरी गोष्ट, डिस्टॉर्शनमध्ये आवाजाची शिखरे कापली जातात, त्यामुळे त्याची सरासरी पातळी वर जाते. क्लीनचा एक फटका मीटरवर उंच उडतो आणि लगेच खाली येतो. म्हणून दोन्ही चॅनल मीटरवर सारखी करू नका, पूर्ण वाद्यवृंद वाजत असताना कानाने सारखी करा. सोलोसाठी ३ ते ४ डेसिबल वाढ पुरते. मागे एका गिटारवाल्याने एका दाबात इतकी उडी मारली की मला मिक्सरवरचा फेडर, म्हणजे त्याच्या आवाजाची सरकपट्टी, खाली ओढावा लागला, आणि सोलो संपल्यावर तो पुन्हा वर करायला मी विसरलो. पुढची दोन गाणी तो बिचारा स्वतःशीच वाजवत होता.

मिरजकर

फेडरवाल्यांच्या मुद्द्याला एक जोड. हा ३-४ डेसिबलचा बूस्ट कुठे ठेवता यावर सगळे अवलंबून आहे. ड्राइव्ह चॅनलच्या आधी बूस्ट ठेवला तर आवाज फारसा वाढत नाही, डिस्टॉर्शन वाढते, कारण प्रीॲम्प आधीच शिखरे कापत असतो. आवाजच वाढवायचा असेल तर बूस्ट लूपमध्ये हवा. पुढे ठेवलेल्या ओव्हरड्राइव्हचा उपयोग वेगळा आहे: ट्यूब स्क्रीमर जातीच्या पेडलचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवली, तर ते सुमारे ७२० हर्ट्झखालच्या सुरांना कमी वाढ देते आणि ड्राइव्ह चॅनलचा ढिसाळ बेस आवळला जातो. तुमच्याकडचे ओव्हरड्राइव्ह त्या जातीचे असेल तर एकदा करून पाहा.

सहावी तार

सर्वांचे मनापासून आभार. मिरजकरांच्या सांगण्यानुसार रविवारी चार केबलची जोडणी केली. पडसादांचा प्रश्न पूर्ण सुटला, दोन तास मी केवळ चॅनल बदलत आणि विरणारे सूर ऐकत बसलो होतो. परंतु आता एक नवी पीडा मागे लागली आहे. लूप जोडताच ॲम्पमधून सतत 'घूंऽऽ' असा आवाज येतो. लूपच्या केबल काढल्या की तो थांबतो. क्लीनवरही येतो आणि ड्राइव्हवरही तेवढाच येतो. बोर्डाला मी एकाच अडॅप्टरवरून पाच फाटे फुटणाऱ्या केबलने वीज देतो.

वायरमन

तुमच्या वर्णनातच अर्धे निदान आहे. घूं दोन्ही चॅनलवर सारखीच आहे, म्हणजे ती प्रीॲम्पनंतर शिरते आहे. आधी शिरली असती तर ड्राइव्हवर कितीतरी पट वाढली असती. लूप काढल्यावर थांबते, म्हणजे ती लूपच्या केबलमधून येते. चार केबलच्या जोडणीत बोर्ड आणि ॲम्प यांच्यामध्ये तीन केबल असतात आणि तिन्हींच्या वरच्या जाळ्या दोन्ही टोकांना ग्राउंडला जोडलेल्या असतात. त्यांची कडी तयार होते. त्या कडीतून ट्रान्सफॉर्मरचे आणि वायरिंगचे चुंबकीय क्षेत्र गेले की तिच्यात प्रवाह फिरतो आणि तो ऐकू येतो. यातच तुमच्या अडॅप्टरच्या पाच फाट्यांनी सगळ्या पेडल्सचे ग्राउंड आणखी एकदा एकत्र बांधले आहेत.

आधी फुकटचे उपाय करा. ॲम्प आणि बोर्ड यांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरून वीज द्या. तिन्ही केबल एकत्र बांधून एका जुडीसारख्या न्या, म्हणजे कडीचा घेर लहान होतो. ती जुडी ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवा. मग डिले तात्पुरता बॅटरीवर किंवा वेगळ्या अडॅप्टरवर चालवून पाहा. घूं गेली तर प्रत्येक पेडलला स्वतंत्र, एकमेकांपासून विलग वीज देणारा पुरवठा घ्यावा लागेल, आणि लूपमधल्या डिजिटल डिलेसाठी तो एरवीही घ्यावाच. तरीही राहिली, तर रिटर्नच्या केबलची जाळी एका टोकाला तोडता येते, ग्राउंड सेंडच्या केबलमधून मिळत राहतो. अशा केबलवर ठळक खूण करा, नाहीतर ती दुसऱ्या कुणाच्या हातात पडेल आणि तो दिवसभर शोधत बसेल. कान लावून ऐकाल तर एक फरकही कळेल: ५० हर्ट्झची घूं मऊ आणि खोल असते, १०० हर्ट्झची जरा खरखरीत असते आणि ती बहुधा वीजपुरवठ्यातल्या कमी गाळणीमुळे येते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. घूं घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन मोडणारे लोक मी पाहिले आहेत. ट्यूब ॲम्पच्या आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बिघाडाच्या वेळी तो जाण्याची सुरक्षित वाट ती पिन असते. मंडपात जनरेटरवर आधीच अर्थिंगचा पत्ता नसतो. हातात गिटारच्या तारा आणि ओठांशी माइक असताना हा जुगार खेळण्यासारखा नाही. गणपतीत मी टेस्टर घेऊनच मंचावर चढतो, लोक हसतात, हसू देत.

टोरोंटोकर

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत मी वाजवतो, आणि माझ्याकडे पाय हलवण्याइतकी जागाच नसते, कारण नाटकाचे नेपथ्य अर्धा मंच व्यापून असते. म्हणून तिसरा मार्ग सांगतो. ॲम्प हलक्या ड्राइव्हवर ठेवावा आणि गिटारचा व्हॉल्यूम करंगळीने फिरवावा. १० वर सोलो, ६-७ वर ताल, ४ च्या आसपास जवळजवळ क्लीन. फक्त व्हॉल्यूम कमी करताना वरचे सूर दबतात, त्यासाठी व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे बटणाखालच्या भागावर, एक छोटा कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडून घ्यावा लागतो. पूर्ण स्वच्छ, काचेसारखा क्लीन यात मिळत नाही हे कबूल करतो.

संत्रानगरी

टोरोंटोकर, हा प्रयोग मी जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझवर, म्हणजे खरखरीत डिस्टॉर्शनच्या पेडलवर, करत असे. व्हॉल्यूम खाली आणला की फार सुंदर क्लीन येतो. पण नागपुरात मे महिन्यात उघड्या मंचावर जर्मेनियममधली विजेची गळती उष्णतेने इतकी वाढते की संध्याकाळी तालमीत लावलेला आवाज कार्यक्रमात फसफसतो. कॅनडात बहुधा ही अडचण येत नसावी. मी सिलिकॉनवर आलो आणि सुखी झालो.

नळकांडे

धागाकर्त्यासाठी एक व्यवहार्य तोड सुचते. घूं गेली असे धरून चालतो.

आपण पेडल्स मोजतो, त्याऐवजी त्या एका क्षणी पायाला किती दाब द्यावे लागतात ते मोजा. तुमच्या अवघड जागी तीन आहेत: कोरस, चॅनल, डिले. डिले आता लूपमध्ये आहे, तर त्याचा वेळ दोन्ही भागांना चालेल असा मध्यम ठेवा, मिश्रण १५-२० टक्क्यांवर आणा आणि ते गाणे संपेपर्यंत त्याला हात, म्हणजे पाय, लावू नका. एक दाब वाचला. कोरस तुम्ही फक्त क्लीनवर आणि कॉम्प्रेसरबरोबर वापरता, म्हणजे ही जोडी आहे. ही दोन्ही पेडल्स कायम चालू ठेवून एका साध्या लूपर डबीत टाका. एक दाब दिला की दोन्ही एकत्र वाटेतून बाजूला होतात. राहिले दोन दाब, लूपर आणि चॅनल.

अधिक पैसे घालायचे असतील तर बॉसच्या ईएस-५ किंवा ईएस-८ सारखा स्विचर आहे. त्यात पेडल्सची हवी ती जुळणी साठवता येते, आणि कंट्रोल जॅकमधून केबल ॲम्पच्या फुटस्विच सॉकेटमध्ये घातली की चॅनलही त्याच दाबात बदलते. पण महिन्याला दोन सुपाऱ्यांसाठी तो घ्यावा की नाही, हे घरी विचारून ठरवा.

मिरजकर

नळकांडे यांच्या लूपरमध्ये एक खाच आहे. ती जोडी वाटेतून गेली की कॉम्प्रेसरमधला बफरही, म्हणजे लांब केबलमध्ये सिग्नल दबू न देणारा भागही, जाईल. गिटार ते बोर्ड ६ मीटर आणि बोर्ड ते ॲम्प ६ मीटर, अशा १२ मीटर केबलची धारिता (कपॅसिटन्स) मीटरला १०० पिकोफॅरड धरली तरी १,२०० होते. हंबकर जातीच्या पिकअपचा कंपनबिंदू, म्हणजे जिथे तो सर्वांत ठळक वाजतो ती वारंवारता, ६ मीटर केबलवर ३,००० हर्ट्झच्या आसपास असेल, तर १२ मीटरवर तो २,२०० च्या जवळ उतरतो, म्हणजे सोलो सुरू होताच गिटार घोंगडीखाली गेल्यासारखी वाटेल. सहावी तार, तुमच्या ट्यूनरमध्ये बफर आहे का? असेल तर तो लूपरच्या आधी राहू द्या, काळजी मिटली.

सहावी तार

ट्यूनरमध्ये बफर आहे आणि तो पहिलाच आहे. घूंसाठी वायरमन यांचे सगळे उपाय क्रमाने केले. एकाच एक्स्टेन्शनवर आणल्याने ती निम्मी झाली, जुडी बांधल्यावर आणखी कमी झाली, आणि डिलेला स्वतंत्र पुरवठा दिल्यावर गेली. केबल तोडावी लागली नाही.

काल सांगलीला कार्यक्रम झाला. नवी जोडणी घेऊन गेलो होतो. फेडरवाल्यांचे ऐकून चॅनलची पातळी ध्वनितपासणीच्या वेळी, सगळे वाजवत असताना लावली, आणि घरी लावलेल्या जागेपासून ड्राइव्हचा बेस जवळजवळ निम्मा कमी करावा लागला. तेच गाणे मध्यंतरानंतर सातवे होते. नेहमीप्रमाणे मंचावर कुर्ता आणि कोल्हापुरी चप्पल असा वेश होता, आणि तालमीत मी बूट घालत असल्यामुळे याचा विचारच केला नव्हता. दुसऱ्याच गाण्यात कोल्हापुरीच्या रुंद, कडक तळव्याखाली लूपर आणि त्याच्याशेजारी ठेवलेला ॲम्पचा फुटस्विच असे दोन्ही एकदम दबले. मला त्या वेळी फक्त कोरस घालवायचा होता, चॅनल बदलायचे नव्हते. साध्या भावगीताच्या मुखड्यावर ड्राइव्हचा एक सूर सगळ्या सभागृहाने ऐकला.

मध्यंतरात बराच वेळ त्या दोन स्विचांकडे बघत बसलो आणि मग लक्षात आले की सातव्या गाण्यात मला नेमके हेच हवे आहे. दोन्ही डब्या आणखी जवळ सरकवल्या, चिकटपट्टीने बोर्डाला पक्क्या केल्या, आणि त्या गाण्याची जागा मध्यंतरानंतर पहिली अशी बदलून घेतली. अंतऱ्याच्या शेवटच्या मात्रेच्या उत्तरार्धात टाच टेकवून चप्पल आडवी ठेवली. दोन्ही दिवे एकदम बदलले, पडसाद विरत राहिले आणि सोलो समेवर आला. ढोलकीवाल्यांनी या वेळी मान वर ठेवली होती.

साधासुधा

अभिनंदन. पण एकच स्विच हवा असेल तेव्हा काय करता?

सहावी तार

चप्पल काढतो. अंगठ्याने फक्त कडेचा दबतो. त्यासाठी लूपर डाव्या कडेला ठेवला आहे.

वायरमन

अनवाणी उभे राहणार असाल तर अर्थिंग तपासल्याशिवाय मंचावर चढू नका, आणि टेस्टर माझ्यासारखा खिशात ठेवा.